भूलतज्ज्ञ मागायचा कसा? कोकणातल्या डॉक्टर संघटनांसाठी पाठपुरावा आणि निधीची वाट

ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आहे, भुलीचं मशीन आहे, कधी कधी स्त्रीरोगतज्ज्ञही आहेत. भूल द्यायला मात्र कोणी नाही. मग अडलेल्या बाईला रात्री १०८ मध्ये घालून आंबा घाटातून कोल्हापूरला, नाहीतर बांद्यावरून गोव्यात बांबोळीला न्यायचं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तोही रस्ता बंद. कोकणातल्या बहुतेक भूलतज्ज्ञांनी असे फोन घेतले आहेत आणि अपरात्री गाडी काढून शेजारच्या तालुक्यात जाऊन केस निभावलीही आहे.

अशी धावपळ एकेकट्याने किती वर्षं करायची? पदं मंजूर करणं, भरणं, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला मानधन देणं हे सगळं सरकारी निर्णयाने होतं, आणि तो निर्णय पुढारी आणि अधिकारी घेतात. त्यांच्याशी बोलायला संघटना लागते, संघटनेला पैसा लागतो, आणि राजकारण व पैसा हे दोन शब्द एकत्र आले की आपले डॉक्टर बिचकतात. कायद्याची चौकट माहीत असली तर बिचकायचं कारण नाही. मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे उदाहरणं त्याच क्षेत्रातली घेतली आहेत, पण बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ कोणाच्याही जिल्हा शाखेला हीच रीत लागू पडेल.

माझं मत आधीच मांडतो. जिल्ह्यातल्या डॉक्टर संघटनेने देणग्या देऊन राजकीय वजन मिळवायच्या फंदात पडू नये. आपल्या तालुक्यात रात्री काय घडतं याची जी खरी माहिती आपल्याकडे असते, ती मंत्रालयातल्या टेबलावर नसते. ती नेटकी मांडायची आणि काम होईपर्यंत सोडायची नाही. पैसा जमवायचा तो या कामासाठी.

आधी मागणी एक करा

सर्वसाधारण सभेत विचारलंत तर गाऱ्हाण्यांचा पाऊस पडेल: रिक्त पदं, थकलेलं मानधन, महात्मा फुले योजनेची अडकलेली बिलं, नातेवाइकांची मारहाण, जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी वेळेवर न येणं. सगळं फळ्यावर लिहून काढा. मग त्यातून वर्षासाठी एकच मागणी निवडा. पहिल्या वर्षी रुग्णाच्या हिताची मागणी घ्या, डॉक्टरांच्या पैशाची नको. आमदाराला ती जाहीर सभेत सांगता येते, अधिकाऱ्याला टिपणीत लिहिता येते आणि उद्या वर्तमानपत्रात आली तरी आपल्याला खाली बघावं लागत नाही.

मागणी मोजता येईल अशी हवी. ‘जिल्ह्याची आरोग्यसेवा सुधारा’ या निवेदनावर सगळे सही करतील आणि कोणीही काही करणार नाही. त्याऐवजी अशा मागण्या बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून बोलावलेल्या खाजगी भूलतज्ज्ञाचं मानधन ठरलेल्या मुदतीत मिळावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या यंत्रणेत काम करावं लागतं. त्यातले भूलशास्त्राचे विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या आसपासच न ठेवता कामथे, दापोली, कणकवली, सावंतवाडी इथल्या निकषात बसणाऱ्या उपजिल्हा रुग्णालयांत पाठवावेत. एमबीबीएसनंतरचा दोन वर्षांचा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डिप्लोमा २०२१ पासून आहे. त्याच्या भूलशास्त्राच्या जागांसाठी आपल्या जिल्ह्यातून प्रस्ताव जावा. या तिन्ही मागण्यांचं उत्तर ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असंच येतं.

एका वादाच्या विषयावर संघटनेची भूमिका आधीच ठरवून ठेवा. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं जीवरक्षक भूल प्रशिक्षण देऊन सिझेरियनपुरती परवानगी द्यायची, ही सरकारची जुनी योजना आहे. आपल्यातल्या अनेकांना ती पटत नाही. माझ्या मते सरसकट विरोध करू नये. जिथे भूलतज्ज्ञ यायला दोन तास लागतात तिथे ‘तेही नको’ म्हणणारी संघटना ऐकणाऱ्याच्या नजरेतून उतरते. प्रशिक्षित डॉक्टरला जवळच्या तज्ज्ञाशी फोनवर जोडून द्या, केसची निवड ठरवून द्या, दरवर्षी उजळणी घ्या, असं मागितलं तर आपण तोडगा घेऊन आलो असं दिसतं.

आकडे गोळा करा, दोन वाटांनी

पहिली वाट सरकारी कागदांची. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, गेल्या तीन वर्षांत सिझेरियन किती झाली आणि किती बाळंतिणी वर पाठवल्या, एवढंच विचारायचं. आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन तोंडी विचारा. बरेचदा तक्ता तसाच मिळतो. नाही मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. हा अर्ज नागरिकाचा असतो, म्हणून संघटनेच्या लेटरहेडवर न करता एका सदस्याच्या नावाने करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा १५०. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. सरकारी नोकरीतल्या सदस्याला या कामाला जुंपू नका.

दुसरी वाट आपली स्वतःची, आणि तीच जास्त मोलाची. प्रत्येक सदस्याने एक साधी नोंदवही ठेवायची: तारीख, कोणत्या तालुक्यातून बोलावणं आलं, फोन किती वाजता, पोचलो किती वाजता, कशासाठी, जाता आलं नसेल तर रुग्ण कुठे गेला. रुग्णाचं नाव, गाव, घरचा फोन यातलं काहीही लिहायचं नाही. सहा महिन्यांच्या नोंदी एका पानावर उतरवल्या की ‘मंडणगडहून आलेलं बोलावणं आणि पोचलेला डॉक्टर यांत किती वेळ गेला’ हे आमदारासमोर ठेवता येतं. मंत्रालयात रिक्त पदांची संख्या असते, त्या पदामागे गेलेले तास तिथे नसतात.

आकडा फुगवू नका. एका आकड्याची चूक अधिकाऱ्याने दाखवली की बाकीचे सगळे खरे आकडे त्याच क्षणी कुचकामी होतात.

कोणाकडे काय मागायचं

बरीच निवेदनं चुकीच्या दारात पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, तिथले अधिकारी म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, तशी जिल्हा रुग्णालयं त्यांना जोडली गेली. महाविद्यालयाचा विषय वैद्यकीय शिक्षण विभागाचा, म्हणजे वेगळा सचिव आणि बहुधा वेगळा मंत्री. महाविद्यालयातल्या भूलशास्त्र विभागाचं पद आरोग्यमंत्र्यांकडे मागून उपयोग नाही.

महसुली कामासाठी आपण कोकण विभागात, म्हणजे बेलापूरला जातो. आरोग्य खात्याचं मात्र तसं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आरोग्याच्या कोल्हापूर मंडळात येतात, उपसंचालक कोल्हापूरला बसतात. रायगड ठाणे मंडळात. म्हणजे पहिली वारी बेलापूरची नाही, कोल्हापूरची.

लोकप्रतिनिधींचं गणितही कागदावर मांडून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात पाच आमदार: दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. सिंधुदुर्गात तीन: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला रायगडमध्ये येतात, त्यामुळे रत्नागिरीच्या जिल्हा शाखेला खासदार दोन. खेड-मंडणगडच्या प्रश्नावर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांना गाठलं तर ते सौजन्याने ऐकतील आणि पत्र दुसरीकडे पाठवतील.

एक वाट डॉक्टर हमखास विसरतात: विधान परिषदेचा कोकण पदवीधर मतदारसंघ. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे त्याचे जिल्हे. पदवी मिळून तीन वर्षं झालेला प्रत्येक डॉक्टर तिथे मतदार होऊ शकतो, पण ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून पुढच्या वेळी राहत नाही. शेवटची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली. पुढची नोंदणी निघाली की संघटनेने सदस्य, त्यांचे पदवीधर जोडीदार, परिचारिका, फार्मासिस्ट सगळ्यांचे अर्ज भरून घ्यावेत. मत कोणाला द्यायचं हे मात्र संघटनेने सांगू नये.

निवेदन एका पानाचं

निवेदन वाचतो तो स्वीय सहायक, आणि तो ते उभ्या उभ्या वाचतो. म्हणून एक पान, मराठीत, वैद्यकीय शब्द शक्य तितके टाळून. विषयाच्या ओळीतच मागणी, ठिकाण आणि कोणाकडून काय हवं हे यावं. नमुना असा:

‘विषय: उपजिल्हा रुग्णालय ______ येथे बाहेरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञांचे ______ पासून थकलेले मानधन देणे व पुढील देयके ३० दिवसांत अदा करण्याबाबत जिल्हा शल्यचिकित्सकांना निर्देश देणेबाबत. महोदय, सदर रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे मंजूर पद ______ पासून रिक्त आहे. या काळात आमच्या सदस्यांनी ______ शस्त्रक्रियांसाठी सेवा दिली. मानधन न मिळाल्याने ______ सदस्यांनी जाणे थांबवले असून ______ महिन्यापासून रात्रीच्या सिझेरियन बंद आहेत. आपणांस विनंती की…’

खाली दोन सह्या, अध्यक्ष आणि सचिव. सरकारी सेवेतल्या सदस्याची सही घेऊ नका. वर्तणूक नियमांनी त्यांना राजकीय दबाव आणण्याची आणि राजकारणात भाग घेण्याची मनाई आहे, आणि उद्या नोटीस आली तर त्यांना एकट्यालाच उत्तर द्यावं लागेल. मागे आकड्यांचा एकच तक्ता जोडा. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. आवक क्रमांक नसलेलं निवेदन दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. पंधरा दिवसांनी फोन करताना ‘आमच्या पत्राचं काय झालं’ असं न विचारता ‘आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, कोणत्या टेबलावर आहे’ असं विचारा. उत्तर मिळतं.

भेटीची वेळ साधा

गणपती आणि शिमग्यात आमदार हमखास गावी असतात, पण तेव्हा कामाचं बोलू नये. दर्शन घ्या, ओळख द्या, भेटीची वेळ मागा. खरी बैठक नंतर मतदारसंघातल्या कार्यालयात, सकाळी, तिघांनी जाऊन. एकाने बोलायचं, एकाने लिहून घ्यायचं, तिसरा त्या तालुक्यातला असावा. वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना एकच निवेदन, एकाच आठवड्यात द्या. अमक्या पक्षाची संघटना असा शिक्का एकदा बसला की सरकार बदलल्यावर पाच वर्षं दारात उभं राहावं लागतं.

पैशाची मागणी असेल तर जिल्हा नियोजन समिती बघा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, आणि पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीनंतरच्या महिन्यांत आकार घेतो. आपला प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये तयार हवा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी, खासदारालाही ५ कोटी मिळतात. त्यातून सरकारी रुग्णालयाला यंत्र हवं असेल तर रुग्णालयाचं मागणीपत्र, तांत्रिक तपशील आणि दरपत्रकं आपणच अधिकाऱ्यांना तयार करायला मदत करा. मागणीपत्राशिवाय आमदाराचा होकार कागदावर उतरत नाही.

धोरणाचा विषय असेल तर अधिवेशन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरच्या सुमारास नागपूरला. आमदाराला तारांकित प्रश्नाचा मसुदा आयता लिहून द्या आणि अधिवेशनाच्या निदान दीड महिना आधी द्या. प्रश्न लागला नाही तरी लेखी उत्तर येतं, आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर हा पुढच्या पाठपुराव्याचा भक्कम पुरावा ठरतो. लक्षवेधी सूचना एखादी घटना ताजी असताना उपयोगी पडते.

मुंबईची खेप आखताना एक सोय लक्षात ठेवा. कोकणकन्याने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलं की आरोग्य आयुक्तालयाचं आरोग्य भवन सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, म्हणजे स्टेशनला लागूनच आहे, आणि सार्वजनिक आरोग्य विभाग जी. टी. रुग्णालयाच्या संकुलात, चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी ही दोन कामं उरका, मंत्रालय दुपारी. मंत्र्यांना भेटण्यापूर्वी कक्ष अधिकाऱ्याला भेटा. टिपणी तिथून सुरू होते. आचारसंहिता लागायच्या बेतात असेल तर सगळं महिनाभर आधी पुढे रेटा, कारण ती लागल्यावर नव्या निर्णयावर सही होत नाही.

हल्ल्यांचा विषय वेगळा हाताळा. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. अनेक ठाण्यांत हे कलम लावायचं सुचत नाही. मारहाण व्हायची वाट न बघता पोलीस अधीक्षकांना भेटून कायद्याची प्रत प्रत्येक ठाण्यात पोचवा.

पैसा: प्रत्येक जमेला वेगळी पिशवी

अमेरिकेत भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची स्वतंत्र राजकीय समिती आहे. सदस्य तिला स्वतःच्या खिशातून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत देऊ शकतात, समिती दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना ठरलेल्या मर्यादेत देणगी देते, आणि सगळा हिशेब तिथल्या निवडणूक आयोगाकडे उघडा राहतो. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्या संघटना सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. धर्मादाय म्हणून करसवलत घेणाऱ्या संस्थेने पक्षाला किंवा उमेदवाराला पैसे दिले तर तो धर्मादाय हेतूसाठीचा खर्च ठरत नाही. सवलत, नोंदणी आणि विश्वस्त तिन्ही अडचणीत येतात. म्हणून घटनेतच एक ओळ घाला: संघटनेचा पैसा कोणत्याही पक्षाला, उमेदवाराला, प्रचाराला जाणार नाही. ही ओळ मागायला येणाऱ्या कार्यकर्त्याला नम्रपणे दाखवता येते.

सरकारी नोकरीत नसलेल्या सदस्याला वैयक्तिक देणगी द्यायची तर त्याचा त्याला हक्क आहे. ती धनादेशाने किंवा ऑनलाइन, नोंदणीकृत पक्षालाच द्यावी. रोख दिली तर करात वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच मिळत नाही. वर्षात २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची नावं पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावी लागतात. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, त्यामुळे ती आडवाटही बंद झाली. अध्यक्ष आणि सचिवांनी मात्र पदावर असेपर्यंत हात आखडता ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं. अधिकाऱ्याला ‘भेट’ देण्याचा तर विचारही नको. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे.

मग पाठपुराव्याचा खर्च कुठून? वर्गणीतून, आणि फक्त सदस्यांकडून. समजा शाखेत ५० सदस्य आहेत आणि नेहमीच्या वर्गणीशिवाय प्रत्येकाने १,००० रुपये पाठपुरावा निधी दिला, तर ५० हजार होतात. दोघांच्या मुंबई-कोल्हापूरच्या खेपा, छपाई, माहिती अधिकाराचे अर्ज, वकिलाचा एखादा सल्ला, एवढं त्यात भागतं. या निधीचं बँक खातं नाहीतर निदान खातेवहीतलं पान वेगळं ठेवा. खजिनदाराने दर महिन्याला जमा-खर्चाचं एक पान सदस्यांच्या ग्रुपवर टाकावं: कोण गेलं, कशासाठी, किती लागले. पैसे देणाऱ्याला आपले हजार रुपये कोणत्या खेपेला गेले हे दिसलं की पुढच्या वर्षी मागावं लागत नाही.

दुसरी पिशवी वार्षिक परिषदेची. बहुतेक शाखांची शिल्लक इथूनच येते: प्रतिनिधी शुल्क, स्टॉल, प्रायोजक. औषध कंपन्यांसाठी मार्च २०२४ पासून नवी आचारसंहिता आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनेच्या परिषदेला कंपनी मदत करू शकते, पण खर्च उघड करावा लागतो आणि डॉक्टरांच्या प्रवास-निवासाची चैन चालत नाही. भेटवस्तूंच्या खर्चाला कंपनीला करवजावट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितलं आहे. कंपनीशी लेखी करार करा, पैसे संघटनेच्या खात्यातच घ्या, आणि या पैशाचा एक रुपयाही पाठपुरावा निधीत वळवू नका. औषध किंवा यंत्र कंपनीच्या पैशाने मंत्रालयात गेलेली संघटना उद्या त्याच यंत्राची मागणी कोणत्या तोंडाने करणार? सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर जात असेल तर जीएसटीचं आधी बघा.

तिसरी पिशवी लोकांच्या देणग्यांची. कोकणी माणूस शाळेच्या इमारतीला आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देतो, पण त्याला वस्तू दिसावी लागते. ‘आरोग्यनिधी’ म्हटलं तर पाचशे रुपये मिळतील. त्याच माणसाला कॅप्नोग्राफ दाखवा. पडद्यावर श्वासागणिक एक कमान उमटते, ती रुग्णाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. नळी श्वासनलिकेत असेल तर कमानी उमटत राहतात, चुकून अन्ननलिकेत गेली तर रेघ सपाट होते आणि ऑक्सिजन खाली येण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरला कळतं. हे दोन मिनिटांत दाखवून यंत्राची किंमत आणि ते बसणार त्या रुग्णालयाचं नाव सांगितलं की मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ आपणहून सभा लावतं. मच्छीमार सोसायट्यांकडे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत आणि बागायतदारांकडे आंब्याची पट्टी यायच्या आधी जाऊ नका, दोघांचेही हात तेव्हा मोकळे नसतात. गणपतीच्या आधीचा महिना तर कोणाकडेच नको.

या पिशवीला करवजावटीची (जुन्या कायद्यातली ८० जी) नोंदणी असेल तर देणगीदाराला वजावट मिळते, पण रोखीने २,००० रुपयांपर्यंतच. देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याला भरलं तरच देणगीदाराला प्रमाणपत्र देता येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुनी पावतीपुस्तकं तशीच वापरू नका, मजकूर सीएकडून तपासून नव्याने छापा. लोटे-परशुराम, महाड, रोहा, जयगडच्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संघटनेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि तो पैसा राजकीय पक्षाकडे वळवता येत नाही हे नियमांतच लिहिलेलं आहे.

आखातातल्या पैशाबद्दल नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे तो पुष्कळ येतो. कुवेत-दुबईत राहणारा भारतीय पासपोर्टचा माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्याच भावाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. त्याला २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. म्हणून परदेशातल्या देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत आधी घ्या. राजकीय स्वरूपाच्या संघटनांना परदेशी देणगीला मनाईच आहे, हे आणखी एक कारण पाठपुरावा निधी निराळा ठेवण्याचं.

यंत्र विकत घेतल्यावर काम संपत नाही. सरकारी रुग्णालयाला देताना रुग्ण कल्याण समितीचा ठराव घ्या, जडसंग्रह नोंदवहीत नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि वार्षिक देखभालीचा करार कोण भरणार हे देण्याआधीच लिहून घ्या. कोकणच्या दमट हवेत देखभालीशिवाय मॉनिटर दोन पावसाळेही धड काढत नाही.

एक इशारा इथेच. सर्वांनी अमुक केसला अमुकच दर घ्यावा, असा ठराव इतिवृत्तात घालू नका. संघटनेने दर बांधून देणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येतं. सरकारी योजनेतला दर वाढवून मागणं वेगळं. ते उघडपणे करा.

लोक आपल्या बाजूला हवेत

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूलदिन. १८४६ साली याच तारखेला बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली. त्या दिवशी हॉटेलात स्नेहभोजन करण्यापेक्षा मिरकरवाडा बंदरावर खलाशांना आणि एसटी आगारात चालक-वाहकांना फक्त छाती दाबून जीव वाचवायचं शिक्षण द्या. आमदाराला बोलवा, पुतळ्यावर स्वतःच्या हाताने दाबायला लावा. भूलतज्ज्ञ म्हणजे कोण हे ज्याला त्या दिवशी कळलं, त्याला पुढच्या महिन्यात निवेदन समजावून सांगायला वेळ लागत नाही.

मागणी मान्य झाली तर श्रेय आमदाराला मोकळ्या मनाने द्या, जाहीर आभार माना, आणि शासन निर्णयाची प्रत संकेतस्थळावरून काढून फाईलला लावा. तोंडी आश्वासनाचे आभार मात्र वर्तमानपत्रात छापू नका.

फाईल पुढच्या हातात

पदाधिकारी बदलले की बहुतेक संघटनांचा पाठपुरावा तिथेच थांबतो. निवेदनांच्या पोचा, आवक क्रमांक, कोणत्या टेबलावर कोण भेटलं, कोणाचा शब्द काय होता, हे सगळं एका फाईलमध्ये आणि तिची स्कॅन केलेली प्रत दोन जणांकडे ठेवा. निवडणूक झाली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा, नाहीतर बँकेतल्या सह्या बदलत नाहीत आणि नवा खजिनदार वर्षभर जुन्याच्या मागे फिरतो. नव्या सचिवाला पहिल्या महिन्यातच जिल्हा शल्यचिकित्सक, कोल्हापूरचे उपसंचालक आणि आमदारांच्या स्वीय सहायकांकडे जुन्या सचिवाने सोबत घेऊन जावं, आणि पुढचं निवेदन नव्या सचिवाच्या हातून द्यावं.